हाकेची जागा

कबरीवर ठेवायला लिली घ्यावी की डेझी, हे डेल्फी कॉडिलला ठरवता येत नव्हतं. तिच्या भावाला, होबार्टला, फुलांतलं काही कळत नसे. त्याला ठाऊक असलेलं एकच फूल म्हणजे टोमॅटोच्या रोपावरचं, आणि कबरीवर टोमॅटो ठेवायची पद्धत केंटकीत तरी नव्हती. शेवटी तिनं पिवळ्या प्लॅस्टिकच्या डेझींचे दोन गुच्छ उचलले. मे महिना संपत आला होता. येत्या रविवारी डेकोरेशन होतं. टेकडीवरच्या कबरी साफ करायच्या, सजवायच्या, गाणी म्हणायची आणि तिथेच सगळ्यांनी मिळून जेवायचं, असा तो दिवस. त्यामुळे फुलांच्या फळीवर अर्ध्या खोऱ्यातल्या बायका तुटून पडल्या होत्या.

छताजवळच्या स्पीकरमधून आधी खरखर ऐकू आली, जुन्या तबकडीवर सुई टेकवल्यासारखी. मग एका म्हातारीनं हाक मारली.

"आर्व्हिल!"

डेल्फीच्या हातातले गुच्छ खाली आले. तो तिचाच आवाज होता. सहा वर्षांपूर्वीच्या डेकोरेशनला, नवऱ्याच्या ताज्या मातीपुढे उभं राहून तिनं मारलेली ती हाक होती. पुढच्याच क्षणी ढोल सुरू झाला, सारखा, यंत्रासारखा, आणि त्या ढोलावर कुणीतरी तिच्या नवऱ्याचं नाव कांद्यासारखं चिरलं. आर्व्, आर्व्, आर्व्, आर्व्हिल. मग एका पोरीचा आवाज आला आणि तोही डेल्फीनं ओळखला. तिची नात ब्रेलिन गात होती.

*ऊन कललं डोंगरापल्याड,*
*बाटली थंड ठेव गं,*
*चिखल उडव, आवाज वाढव,*
*आज गाडीत कोण आलं?*

"हे!" गाण्यातल्या शंभरेक माणसांनी टाळी देऊन आरोळी ठोकली. काउंटरवरच्या शॉनानंही ती ठोकली, पिशवीत साबण भरता भरता.

"डेल्फी मावशी, ऐकताय ना? तुमच्या ब्रेलिनचं गाणं!" शॉना म्हणाली. "आमचा धाकटा गाडीत बसला की आधी हे लाव म्हणतो. 'हे' आलं की पाय आपटतो नुसता. मला एक सांगा, सुरुवातीला ती म्हातारी कोण ओरडते हो?"

"मी," डेल्फी म्हणाली.

"अय्या! तुम्ही? मग तुम्ही आता फेमसच झालात की!"

डेल्फीनं फुलं पिशवीत घातली. बाहेर येऊन ती आपल्या जुन्या गाडीत बसली, पण किल्ली तिनं लगेच फिरवली नाही. शरमेनं कानशिलं तापली होती. भर बाजारात आपली पेटी उघडून कुणीतरी आतले कपडे दोरीवर वाळत घातलेत, असं तिला वाटत होतं.

ते गाणं डेल्फीच्या आईचं होतं. आईचं नाव एस्टा. सत्तेचाळीसच्या हिवाळ्यात बाप खाणीत गेला आणि वर आला नाही. डेल्फी तेव्हा पाच वर्षांची होती. तीन दिवस माणसं खणत होती आणि तीन दिवस आई संध्याकाळची मक्याची भाकरी भाजून, फडक्याखाली झाकून ठेवत होती. चौथ्या दिवशी बाप घरी आला, चौघांच्या खांद्यावर. त्याला टेकडीवर पुरला तेव्हा आईनं तिथेच उभं राहून ते गाणं म्हटलं. कधी जुळवलं, कुठे जुळवलं, हे तिनं कुणाला सांगितलं नाही.

*ऊन कललं डोंगरापल्याड,*
*भाकर झाकून ठेव गं,*
*उंबऱ्यावरती दिवा ठेवला,*
*आज घरी कोण आलं?*

इथे गाणं थांबे. ती जागा हाकेची. तिथे आईनं बापाचं नाव घेतलं, मोठ्यानं, परसातून जेवायला बोलवावं तसं. मग पुढच्या दोन ओळी:

*ये, बस, हात धुऊन घे,*
*वाट सरली, ये.*

तेव्हापासून घरातलं माणूस गेलं की पुढच्या डेकोरेशनला त्याच्या नावाची हाक त्या जागी पडे. एकदाच. गाणं दोन आवाजांचं झालं ते मुली मोठ्या झाल्यावर. थोरली रेटा वरचा आवाज घ्यायची, त्यात सगळी चाल होती. डेल्फी खालचा. खालच्या आवाजात चाल अशी नव्हतीच, तीनच सूर मागे-पुढे होत राहायचे, भांडी घासताना कुणी गुणगुणावं तसे. पण हाक मारायचा मान खालच्या आवाजाचा. आणि हाक झाल्यावर वरच्यानं लगेच उठायचं नाही. खालचा श्वास घेईल, तो ऐकू येईल, तेव्हा दोघींनी मिळून 'ये' म्हणायचं. हाकेनंतर तो श्वास यायला कधी दोन क्षण लागत, कधी फार वेळ लागे. जिचं माणूस गेलंय तिनंच ते ठरवायचं.

या गाण्याला वाद्य लागलं नाही. देवळातही वाद्य नसे, पण घरी ओसरीवर बाकी सगळं वाजे: काकाचा बँजो, होबार्टचं फिडल, शेजारच्याची एक तार कमी असलेली गिटार. अठ्ठावन्न साली रेटा आणि डेल्फी गावातल्या रेडिओवर दर शनिवारी दुपारी गायच्या. मायक्रोफोन एकच. रेटा पुढे, डेल्फी अर्धं पाऊल मागे, आणि होबार्टचा तुकडा आला की दोघींनी बाजूला सरून त्याच्या कोपराला जागा द्यायची. कुणाचा आवाज किती मोठा, हे पावलांनी ठरे. यंत्राला त्यात काही काम नसे. एकदा होबार्ट रेटाच्या पायावर पाय देऊन उभा राहिला आणि रेटा तशीच कळवळत शेवटचं कडवं गायली. त्या आठवड्यात लोकांची पत्रं आली, इतकं जीव ओतून गाणं आम्ही ऐकलं नव्हतं म्हणून.

सिनसिनाटीहून एक रेकॉर्डवाला माणूसही आला होता. त्याला आईच्या गाण्याचं कुणीतरी सांगितलं होतं. "ते कबरस्तानातलं गाणं म्हणा, मी उद्याच तबकडी काढतो," तो म्हणाला. रेटा तेव्हा एकोणीस वर्षांची, जिभेला धार. ती म्हणाली, "ते गाणं बाहेर येत नाही, साहेब. त्याला बूट नाहीत." तो म्हणाला, "मी घेऊन देतो बूट." रेटा म्हणाली, "मग ते ते राहणार नाही." माणूस टोपी घालून निघून गेला. दोघी बहिणी शर्टांच्या कारखान्यात कामाला लागल्या आणि तीस वर्षं कॉलर शिवत राहिल्या. त्यांच्या आवाजाची तबकडी कधीच निघाली नाही. रेटा मेली तेव्हा डेल्फीपाशी तिच्या आवाजाची एवढीशी फीतसुद्धा नव्हती, आणि त्याचं तिला कधी वाईट वाटलं नाही, कारण नऊ वर्षांच्या ब्रेलिनच्या गळ्यात रेटाचा आवाज सापडला होता. 'घरी' या शब्दावर रेटाचा आवाज किंचित मोडायचा, वाळकी काटकी मोडावी तसा. पोरीचाही मोडायचा, कुणी न शिकवता.

डेल्फीनं तिला ओसरीवर बसवून शिकवलं, गुडघ्याला गुडघा लावून. पोरीचा तळवा आपल्या पाठीवर ठेवायला लावला. "माझा श्वास हाताला कळला की मग उचलायचं. आधी नाही. आणि हे गाणं टेकडीवरून खाली आणायचं नाही. शाळेत नाही, देवळात नाही, अंघोळ करतानासुद्धा नाही."

"शिंक आली तर, मॅमॉ?"

"शिंक चालेल."

ती आजीला मॅमॉ म्हणे आणि आजोबांना पापॉ, इथली सगळी पोरं म्हणतात तसं. गाण्यासाठी नॅशव्हिलला गेल्यावर ब्रेलिननं आडनाव बदलून आजीचं घेतलं. पोस्टरवर 'ब्रे कॉडिल' असं छापलं. ते ऐकून डेल्फीनं तेव्हा शेजारपाजारी केक वाटला होता.

शनिवारी दुपारी ब्रेलिन आली. पायांत उंच टाचांचे, शिवणकाम केलेले बूट होते. असे बूट घालून कुणी गुरांच्या जवळपासही गेलं नसतं. ओसरीवर डेल्फी आणि होबार्टची बायको विनी राजमा निवडत बसल्या होत्या. विनी फेब्रुवारीपासून काळा स्वेटर घालत होती, मेमध्येसुद्धा. तिच्या नवऱ्याची छाती खाणीच्या धुळीनं आधीच भरली होती, फेब्रुवारीत ती थांबली. मरायच्या आदल्या दिवशी इस्पितळात त्यानं डेल्फीला जवळ बोलावून सांगितलं होतं, "हाक जरा मोठ्यानं मार गं. मी बहिरा आहे." तेवढ्यावर तो हसला, खोकला, आणि नर्सनं डेल्फीला बाहेर काढलं.

"मॅमॉ," ब्रेलिन पायरीवर उभी राहून म्हणाली, "रागावलीस का? आई म्हणाली तू रागावलीस."

"बस. राजमा निवड. खडे बाजूला टाक."

ब्रेलिन बसली. गुडघ्याला गुडघा लागला.

"कधी भरून घेतलास माझा आवाज?"

"पापॉच्या डेकोरेशनला. खिशात फोन होता. पण आठवण म्हणून, मॅमॉ, शप्पथ. मी अठरा वर्षांची होते. रडायला आलं की ऐकायचे."

"मग?"

"मग स्टुडिओत एकदा सहज लावलं. ते सगळे गप्प झाले. म्हणाले, हे खरं आहे, हे असं कुणाकडेच नाही. मला वाटलं, बरंच आहे की. पापॉचं नाव सगळीकडे ऐकू जाईल."

"तुझ्या पापॉला सगळीकडे जायचं नव्हतं. तो जन्मात दोनदा लेक्सिंग्टनला गेला आणि दोन्ही वेळा दवाखान्यात." डेल्फीनं एक खडा अंगणात भिरकावला. "आणि तो असा तुटक तुटक का ऐकू येतो? आर्व्, आर्व्. उचकी लागल्यासारखा?"

"ते ठेक्यावर बसवावं लागतं."

"बसवावं लागतं! त्याला मी पुरलाय, ब्रेलिन. आणखी किती बसवणार?"

विनीला हसू आलं. तिनं ते स्वेटरच्या बाहीत लपवलं.

"आणि तुझा आवाज असा का झालाय?"

"कसा?"

"इस्त्री केल्यासारखा. 'घरी' शब्दावर मोडायचा तो कुठे गेला?"

"तिथे आता 'गाडीत' आहे," ब्रेलिन हळूच म्हणाली. "आणि आवाज यंत्र सरळ करतं. सगळ्यांचाच करतं, मॅमॉ. माझ्या एकटीचा वाकडा कसा चालेल? रेडिओवाले घेणार नाहीत. फिडलसुद्धा ठेवू देत नव्हते. मी भांडून ठेवलं."

"फिडल कुठे आहे त्यात?"

"आहे. शेवटी. चार सेकंद."

डेल्फी थांबली. तिला जे विचारायचं होतं ते ती दुकानातून आल्यापासून टाळत होती. "गाणं कुणी केलं म्हणून लिहिलंय?"

ब्रेलिननं एक खडा उचलून बाजूला टाकला. "माझं नाव आहे. आणि आणखी तिघांची."

"ते तिघे कोण?"

"लिहिणारे. त्यांचं तेच काम असतं."

"तुझ्या पणजीनं एकटीनं केलं होतं. तिला तिघे लागले नाहीत. तिचं नाव?"

"मी विचारलं होतं. ते म्हणाले, कागद काही आहे का तिच्या नावावर. मी म्हटलं, कागद नाही. तेव्हा म्हणाले, मग ते कुणाचंच नाही."

"आणि तू?"

"मी काय?"

"तू काय म्हणालीस? ते कुणाचंच नाही म्हणाले, तेव्हा?"

ब्रेलिन राजम्यात बोटं फिरवत राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते नाकावरून ओघळून ताटलीत पडलं. डेल्फीला तिचा हात धरावासा वाटला, हे खरं. पण हात उठला नाही. रेटानं गाण्याला बूट घालू पाहणाऱ्या माणसाला दारातूनच परत पाठवलं होतं. आणि ज्या पोरीला गुडघ्याला गुडघा लावून शिकवलं, तिनं मागच्या दारानं गाणं बाहेर काढून दिलं. वर ते जुळवणाऱ्या एस्टाचं नाव पुसू दिलं.

"मॅमॉ, मी उद्या जुनंच म्हणेन. जसंच्या तसं. तुझ्याशेजारी उभी राहून. होबार्ट आजोबांसाठी. म्हणू दे ना."

"तुझ्याबरोबर मी उभी राहणार नाही."

तेव्हा विनीनं ताटली खाली ठेवली. ती सहसा मोठ्यानं बोलत नसे. "डेल्फी, उद्या माझ्या माणसाला हाक मारायची आहे. एक वर्ष थांबलेली नाही मी, पण फेब्रुवारीपासून थांबले आहे. रात्री झोपताना मी त्याला सांगते, रविवारी बोलावतील हं तुला. वरचा आवाज या पोरीशिवाय कुणाकडे आहे? तुझ्याकडे आहे? माझ्याकडे? माझं गाणं त्यानं ऐकलं असतं तर लग्नाआधीच पळून गेला असता. तुमचं भांडण सोमवारी करा."

निवडलेला राजमा डेल्फीनं पाण्यात टाकला. त्यालाच होकार समजायचा, हे दोघींना कळलं.

रविवारी ऊन छान पडलं होतं. टेकडीवर माणसं लवकर आली. गवत कापलं गेलं, दगड पुसले गेले, प्रत्येक कबरीवर रंगीत फुलं लागली. झाडाखालच्या लांब फळ्यांवर डबे मांडले: राजमा, मक्याची भाकरी, कोंबडीच्या रश्श्यातले उंडे, मसाला भरलेली अंडी, आणि विनीचा वाळवलेल्या सफरचंदांचा सात थरांचा केक. पोरं गोधड्यांवर लोळत होती. त्यांतल्या निम्म्यांनी ब्रेलिनबरोबर फोटो काढून घेतले. तिनं बूट काढून ठेवले होते. अनवाणी उभी होती. ते डेल्फीनं पाहिलं, आणि मनात नसतानाही तिला जरा बरं वाटलं.

धर्मगुरूंची प्रार्थना झाली. सगळे होबार्टच्या कबरीभोवती गोळा झाले. अजून दगड आला नव्हता, नुसती पाटी होती. पिवळ्या डेझी वाऱ्यानं हलत होत्या. डेल्फी ब्रेलिनच्या अर्धं पाऊल मागे उभी राहिली, रेटाच्या मागे राहायची तशी.

ब्रेलिननं सुरुवात केली आणि पहिल्याच ओळीला डेल्फीचा राग कुठल्या कुठे गेला. ढोल नव्हता, इस्त्री नव्हती. रेटाचा आवाज होता. भाकर झाकून ठेव गं. डेल्फीनं खालचे तीन सूर धरले आणि ते वरच्या आवाजाला असे चिकटले की कुठला आवाज कुणाचा ते सांगता येईना. उंबऱ्यावरती दिवा ठेवला. विनीनं डोळे मिटले. आज घरी — आणि तिथे आवाज मोडला, वाळकी काटकी मोडावी तसा — कोण आलं?

डेल्फीनं श्वास आत घेतला. मोठा घेतला. बहिऱ्याला ऐकू जायला हवं होतं.

"हे!" गोधडीवरची सगळी पोरं एका सुरात ओरडली, आणि टाळी वाजली.

पोरांचं तिला काही वाटलं नसतं. पोरांना काय कळतं. पण डेल्फीच्या पुढ्यात ब्रेलिनची टाच मातीवर चार वेळा आपटली होती, आणि तिचाही हात मांडीवर पडला होता, टाळीच्या जागी. आणि चौथा ठोका झाल्याबरोबर, मागे न पाहता, मागचा श्वास न ऐकता, पोरीनं पुढची ओळ उचलली.

"ये, बस, का—"

ती तिथे थांबली. 'काच खाली घे' असं त्या नव्या गाण्यात होतं. अर्धा शब्द तोंडाबाहेर आला होता. तो परत घेता येईना.

एका पोराला त्याच्या आईनं चापट मारली. विनीचे डोळे उघडले होते. ती डेल्फीकडे पाहत होती, दार उघडून समोर कुणीच नसावं तशी. डेल्फीच्या छातीत घेतलेला श्वास अजून तसाच होता. तिनं तो सोडून दिला.

"मॅमॉ," ब्रेलिन वळली. तिचा चेहरा कागदासारखा पांढरा झाला होता. "मॅमॉ, सॉरी. माझ्या लक्षात... रोज म्हणून म्हणून ते... परत घेऊया. पहिल्यापासून परत घेऊया."

"इथे परत घेत नाहीत," डेल्फी म्हणाली. "माणूस एकदाच पुरतात."

तिच्या स्वरात राग नव्हता, आणि तेच ब्रेलिनला सहन झालं नाही. काल ओसरीवर आजी चिडली होती तेव्हा काहीतरी शिल्लक होतं. ठरवून केलेल्या लबाडीची माफी मागता येते. पण पोरीच्या अंगालाच आता ती जागा ठाऊक नव्हती. जिथे माणसानं थांबायचं, तिथे तिचं शरीर चार ठोके मोजून पुढे निघून जात होतं. हे दोघींनाही त्या क्षणी कळलं.

"मग हाक?" विनीनं विचारलं. अगदी हळू.

डेल्फी पाटीकडे बघत उभी राहिली. मग ती एकटीच पुढे गेली आणि तिनं खालचा आवाज सुरू केला.

नुसता खालचा. तीन सूर, मागे-पुढे. त्याला चाल नव्हती. शब्दही ती पुटपुटल्यासारखे म्हणत होती. गोधडीवरच्या पोरांना ते गाणं आहे हेच कळलं नाही. त्यांच्या ओळखीचं त्यात काही नव्हतं. एक पोरगी अंडं खाऊ लागली. मोठी माणसं एकमेकांकडे पाहू लागली. कुणाला टाळी सुचली नाही, कुणाला पाय आपटावासा वाटला नाही. खिडकीतून दिवा नेल्यावर खोली उरते तेवढंच गाणं उरलं होतं. पण हा खालचा आवाज कुणी नेला नव्हता, कारण तो नेण्याजोगा कुणाला वाटलाच नव्हता.

आज घरी कोण आलं?

ती थांबली. खालच्या रस्त्यावरून एक गाडी गेली, तिचा आवाज वळणापलीकडे विरेपर्यंत ती थांबली.

"होबार्ट!"

हाक एवढी मोठी होती की पायथ्याच्या घरातला कुत्रा भुंकायला लागला. विनी मोठ्यानं हसली आणि त्याच हसण्यात रडायला लागली. "ऐकू गेलं," ती म्हणाली. "आता ऐकू गेलं त्याला."

डेल्फी पुन्हा गप्प राहिली. बराच वेळ. मग तिनं श्वास घेतला.

मागे ब्रेलिननंही घेतला. या वेळी पोरीनं वाट पाहिली होती, अगदी बरोबर. नऊ वर्षांची असताना पाहायची तशी, कान लावून. तिचं तोंड उघडलं होतं, वरचा सूर ओठांवर आला होता. डेल्फीला मागे न बघताच ते कळलं. तिनं हात मागे नेला, तळवा पोरीकडे करून, आणि तसाच धरून ठेवला.

ब्रेलिननं तोंड मिटलं.

"ये, बस, हात धुऊन घे," डेल्फी एकटीच म्हणाली, त्या तीन सुरांत. "वाट सरली, ये."

मग सगळे झाडाखाली जेवायला गेले. विनीनं केक कापायला घेतला. पहिला तुकडा कुणाला द्यायचा ते न कळून तिनं डेल्फीकडे पाहिलं. ब्रेलिन फळीच्या टोकाला हातात बूट घेऊन उभी होती, घालू की नको अशी.

"तिला दे आधी," डेल्फी म्हणाली. "पाहुणी आहे. लांबून आली आहे."